घटक ५ : लेखनातील देहबोली – आक्रमक आणि ठाम पवित्र्यांचे वर्णन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• आक्रमक देहबोली आणि ठाम देहबोली यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठीतील देहबोलीविषयक वाक्प्रचारांचे वर्गीकरण करता येईल.
• एकाच शारीरिक कृतीचा अर्थ संदर्भानुसार कसा बदलतो, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• इंग्रजीतील देहबोलीची वर्णने मराठीत आणताना होणारे दोष ओळखता येतील.
• कथा, बातमी, सभेचे इतिवृत्त आणि तक्रार अर्ज यांत देहबोलीचे नेमके वर्णन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुलुंडमधील एखाद्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद होतो. दुसऱ्या दिवशी सचिव इतिवृत्तात लिहितात : ‘एक सभासद आक्रमक झाले.’ हे वाक्य वाचणाऱ्याला काय कळते? तो सभासद टेबलावर मूठ आपटून बोलला, की नुसता उभा राहून हिशेबाचा कागद मागत राहिला? तो अध्यक्षांच्या अंगावर धावून गेला, की ‘उत्तर मिळेपर्यंत मी बसणार नाही’ असे म्हणाला? यांपैकी पहिली आणि तिसरी कृती आक्रमक म्हणता येईल. दुसरी आणि चौथी मात्र सभासदाचा हक्क आहे. ‘आक्रमक झाले’ या दोन शब्दांनी चारही शक्यता एकाच पोत्यात भरल्या. पुढे प्रकरण उपनिबंधकांकडे गेले, तर त्या सभासदाविषयीचे मत याच दोन शब्दांवरून बनेल.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. देहबोलीचे वर्णन हा केवळ कथा-कादंबरीतील सजावटीचा भाग नाही. शरीराने काय केले, हे शब्दांत कसे मांडले जाते, यावर माणसाची प्रतिमा आणि कधीकधी त्याचे भवितव्य अवलंबून असते. म्हणूनच या घटकात ललित लेखन आणि व्यावहारिक लेखन या दोन्ही अंगांनी आपण या विषयाचा विचार करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ आक्रमकता आणि ठामपणा : भेदाची जुनी परंपरा

‘देहबोली’ हा शब्द मराठीत तुलनेने नवा असला, तरी तिचा विचार आपल्याकडे नवा नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. यांतील आंगिक अभिनय म्हणजे शरीराच्या अवयवांनी केलेली अभिव्यक्ती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने नाट्यशास्त्रातील दोन रसांची तुलना उपयुक्त ठरते. रौद्र रसाचा स्थायिभाव क्रोध, तर वीर रसाचा स्थायिभाव उत्साह. रौद्राचे अनुभाव, म्हणजे भाव बाहेर दिसण्याच्या खुणा, सांगताना लाल डोळे, चढलेल्या भुवया, दातांनी ओठ चावणे, गालांचे स्फुरण, हात हातावर चोळणे यांचा उल्लेख येतो. वीराच्या अनुभावांत मात्र स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग अशा गोष्टी आहेत. म्हणजे रौद्र रसात शरीर खवळलेले असते, तर वीर रसात ते स्थिर असते. रौद्राचा रोख समोरच्या व्यक्तीला चिरडण्याकडे असतो. वीराचा रोख आपल्या निश्चयाकडे असतो.

आजच्या भाषेत आपण ज्याला आक्रमक आणि ठाम म्हणतो, त्यांतील भेद समजून घेण्यास ही तुलना मदत करते. लेखकाने पुढील तीन प्रश्न स्वतःला विचारावेत :

(१) हालचालीची दिशा कोणती? आक्रमक शरीर समोरच्याच्या जागेत शिरते. ठाम शरीर आपल्या जागेवर टिकून राहते. ‘अंगावर येणे’ आणि ‘पाय रोवून उभे राहणे’ यांत हाच फरक आहे.
(२) समोरच्याला वाट उरते का? आक्रमक माणूस दार अडवतो, बोलणे तोडतो. ठाम माणूस उत्तराची वाट पाहतो.
(३) ताण कुठे दिसतो? आक्रमकतेत तो मुठी, जबडा, मान यांत साठलेला असतो आणि कधीही सुटेल असे वाटते. ठामपणात शरीराला ताठरपणा नसतो, ताठपणा असतो.

याखेरीज सात्त्विक भावांकडेही लक्ष द्यावे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे) असे आठ सात्त्विक भाव मानले गेले आहेत. यांची सहज नक्कल करता येत नाही. मूठ ठरवून आवळता येते; तळहाताला घाम ठरवून फोडता येत नाही. म्हणूनच पवित्रा एक आणि सात्त्विक खूण दुसरी, असे वर्णन केले की पात्राच्या मनातील द्वंद्व वाचकाला न सांगता कळते. पाय रोवून उभ्या राहिलेल्या मुलीचा आवाज दुसऱ्या वाक्याला चिरकतो, यात तिचा ठामपणा कमी होत नाही. उलट तो तिला किती जड जात आहे, हे समजते.

५.२.२ मराठीतील वाक्प्रचारांचा साठा

राग आणि निर्धार व्यक्त करणारे मराठीतील बहुतेक वाक्प्रचार शरीराशी जोडलेले आहेत. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे तीन गट करू.

(अ) दृश्य वाक्प्रचार : ज्यांत वर्णिलेली कृती प्रत्यक्ष घडते आणि दिसते. उदा. डोळे वटारणे, मुठी आवळणे, बाह्या सरसावणे, पदर खोचणे, बोट रोखणे, पाय आपटणे, हात उगारणे.

(आ) अर्धदृश्य वाक्प्रचार : जे एके काळी प्रत्यक्ष कृती होते, आज ती कृती कधी घडते, कधी घडत नाही. उदा. दंड थोपटणे, शड्डू ठोकणे, कंबर कसणे, मिशीला पीळ देणे. शड्डू ठोकणे ही कुस्तीच्या आखाड्यातील खरी कृती आहे. निवडणुकीच्या बातमीत उमेदवार ‘शड्डू ठोकतो’, तेव्हा त्याने मांडीवर थाप मारलेली नसते.

(इ) निव्वळ लाक्षणिक वाक्प्रचार : ज्यांत शरीराचा उल्लेख असला, तरी कोणतीही कृती दिसत नाही. उदा. नाकावर राग असणे, तळपायाची आग मस्तकाला जाणे, पित्त खवळणे.

देहबोलीचे वर्णन करायचे असेल, तर पहिला गट सर्वांत उपयोगी. तिसऱ्या गटाने भावना कळते, पण दृश्य उभे राहत नाही. दुसऱ्या गटाच्या बाबतीत सावध राहावे. कृती खरोखर घडली की नाही, याविषयी वाचकाचा गोंधळ होऊ शकतो.

पहिल्या गटातही सूक्ष्म छटा आहेत. ‘हात उगारला’ म्हणजे मारण्यासाठी वर नेला, पण मारले नाही. ‘हात उचलला’ म्हणजे व्यवहारात मारलेच, असा अर्थ घेतला जातो. ‘हात टाकला’ यात मारहाण किंवा झोंबाझोंबी सुरू झाल्याचा अर्थ आहे. ‘हात झटकला’ यात स्वतःची सुटका आहे. क्रियापद एकाच शब्दाने बदलते आणि दोषाचे वजन पार बदलून जाते. याचे व्यावहारिक महत्त्व ५.२.६ मध्ये पाहू.

तुमची प्रगती तपासा – १
(१) ‘स्थैर्य’ हा कोणत्या रसाचा अनुभाव आहे?
(२) ‘पित्त खवळणे’ हा वाक्प्रचार वरीलपैकी कोणत्या गटात येतो? का?

५.२.३ एक कृती, अनेक अर्थ

देहबोलीच्या लोकप्रिय पुस्तकांत ‘अमुक कृतीचा अमुक अर्थ’ अशा याद्या असतात. लेखकाने अशा याद्यांवर विसंबून राहू नये. कृतीला अर्थ देतो तो संदर्भ : कोण, कोणासमोर, कुठे.

कमरेवर हात : भांडणाच्या प्रसंगी कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली व्यक्ती आव्हान देत असते. पण पंढरपूरचा विठ्ठलही विटेवर कमरेवर हात ठेवूनच उभा आहे. त्या मूर्तीत मराठी मनाला आव्हान दिसत नाही. दिसते ती भक्ताची वाट पाहण्यातील चिकाटी. एकच पवित्रा, पण एका ठिकाणी ‘ये, बघतो तुला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ये, मी इथेच आहे.’

हाताची घडी : पाश्चात्त्य मांडणीत छातीवर बांधलेले हात म्हणजे विरोध किंवा बचाव असा अर्थ अनेकदा लावला जातो. आपल्या शाळांत मात्र ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही शिस्तीची आज्ञा आहे. तेथे हाताची घडी म्हणजे आज्ञाधारकता. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेच्या वेळचे स्वामी विवेकानंदांचे छातीवर हात बांधलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात ना विरोध आहे, ना आज्ञाधारकता. आहे तो आत्मविश्वास.

बोट रोखणे : भांडणात समोरच्याच्या नाकासमोर नाचवलेले बोट हा अपमान ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चौकाचौकांतील पुतळ्यांत उजव्या हाताचे बोट उंचावलेले आणि दुसऱ्या हातात संविधान असते. हे बोट कोणा एका व्यक्तीवर रोखलेले नाही. ते दिशा दाखवते. बोटाचे वर्णन करताना ते कोणत्या उंचीवर आहे आणि कोणाकडे आहे, एवढे सांगितले तरी अर्थ स्पष्ट होतो.

बोटे मोडणे : ‘तिच्या नावाने बोटे मोडली’ यात तळतळाट आहे. पण बाळाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आजी स्वतःच्या कानशिलाशी बोटे मोडते, तेव्हा ती त्याची दृष्ट काढत असते. आवाज तोच, कृती तीच. शाप आणि माया यांतील फरक केवळ संदर्भाने कळतो.

खाली वळलेली नजर : इंग्रजी कथांत नजर चुकवणारा बहुधा अपराधी असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही रीत मानली गेली. म्हणून सासऱ्यांसमोर सुनेने एकदाच नजर वर करून पाहिले, एवढे वाक्यही मराठी कथेत फार मोठ्या ठामपणाचे वर्णन ठरू शकते. तेथे मूठ आवळण्याची गरज नसते.

अंतर : अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात माणसामाणसांतील अंतराचे टप्पे सांगितले. त्यांच्या मांडणीत सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतील अंतर निकटच्या व्यक्तींसाठी राखलेले असते. तेथे परक्याने शिरणे म्हणजे अतिक्रमण. आता सकाळी साडेआठची बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणारी लोकल आठवा. गर्दीच्या वेळी उपनगरी गाडीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी असू शकतात, असे सांगितले जाते. तेथे ४५ सेंटिमीटरची भाषा निरर्थक ठरते. अंगाला अंग लागणे ही तेथे शत्रुत्वाची खूण नाही. मग त्या डब्यात आक्रमकता दिसते कशी? कोपर बाहेर काढण्यात, दारात आडवा हात धरण्यात, पाठीवरची पिशवी पुढे न घेण्यात. आणि रिकाम्या फलाटावर एखादा माणूस अगदी जवळ येऊन उभा राहिला, तर तीच जवळीक भीतिदायक ठरते. म्हणून अंतराचे वर्णन करताना तेथे किती अंतर शक्य होते, हे आधी दाखवावे.

५.२.४ इंग्रजीतून येणारी देहबोली

तुमच्यापैकी अनेक जण इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, अनुवादाची कामेही करतात. इंग्रजी गद्यात देहबोलीची बारीक वर्णने विपुल असतात. ती शब्दशः मराठीत उतरवली की पुढील तीन दोष हमखास येतात.

पहिला दोष सर्वनामांचा. ‘त्याने त्याचे हात त्याच्या कमरेवर ठेवले’ हे मराठी नव्हे. हात ज्याचे त्याचेच असतात. ते सांगावे लागत नाही. ‘तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला’ हे पुरेसे आहे. मराठीतील ‘ठेवून’, ‘रोखत’, ‘न हलता’ अशी धातुसाधिते अशा वेळी उपयोगी पडतात. ती दोन कृतींना एका वाक्यात सहज गुंफतात आणि पवित्रा व बोलणे एकाच क्षणी घडल्याचे दाखवतात.

दुसरा दोष चुकीच्या अर्थाचा. कंटाळा किंवा तुच्छता दाखवण्यासाठी बुबुळे वर फिरवण्याची जी लकब इंग्रजी कथांत येते, तिचे ‘तिने डोळे फिरवले’ असे भाषांतर केले जाते. पण मराठीत ‘डोळे फिरणे’ म्हणजे उन्मत्त होणे किंवा शुद्ध हरपण्याच्या बेतात असणे. त्या जागी ‘तिने नाक मुरडले’, ‘तिने तोंड वाकडे केले’ किंवा प्रसंगानुसार ‘तिने वर छताकडे पाहिले’ असे लिहावे. तसेच ‘त्याने आपले डोळे अरुंद केले’ याऐवजी ‘त्याने डोळे बारीक केले’, ‘त्याने मूठ हलवली’ याऐवजी ‘त्याने मूठ नाचवली’ किंवा ‘उगारली’ असे म्हणावे.

तिसरा दोष वाक्प्रचाराला कृती समजण्याचा. इंग्रजीत एखाद्याला ‘थंड खांदा’ दाखवला जातो, तेव्हा खांद्याचा संबंध नसतो. मराठीत त्यासाठी ‘पाठ फिरवली’, ‘तोंड फिरवले’, ‘दाद दिली नाही’ असे पर्याय आहेत.

अर्थात, सर्वच आयात त्याज्य नाही. ‘खांदे उडवणे’ आणि ‘भुवया उंचावणे’ हे प्रयोग आता मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहेत. कसोटी एकच : ही हालचाल आपल्या परिसरातील माणूस करतो का? मालाडच्या भाजीबाजारातील विक्रेती नापसंती दाखवताना खांदे उडवेल, की हात झाडून ‘जा बाई पुढे’ म्हणेल? जे पाहिले आहे, ते लिहावे.

५.२.५ वर्णनाचे तंत्र : एक उदाहरण

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ देण्याचा अलिखित संकेत आहे. अंधेरीहून सुटलेल्या धीम्या लोकलमधील एका प्रसंगाची तीन वर्णने पाहा.

वर्णन अ : ‘अंधेरीला एक बाई डब्यात चढल्या. त्यांनी ठामपणे चौथी सीट मागितली. बाकावरच्या बाईंनी आक्रमकपणे नकार दिला.’

वर्णन आ : ‘बाकावरच्या बाईंनी डोळे वटारले, दात-ओठ खाल्ले, नाकपुड्या फुगवल्या, मुठी आवळल्या आणि रागाने लालबुंद होत त्या गरजल्या, “जागा नाही!”’

वर्णन इ : ‘कडेला बसलेल्या बाईने वर पाहिले नाही. मांडीवरची पर्स उचलून तिने बाकाच्या कडेला ठेवली आणि गुडघा आणखी बाहेर काढला. “सरका थोडं,” उभी असलेली म्हणाली. पर्सवरचा हात घट्ट झाला. उभी असलेली हलली नाही. तिने खांद्यावरची पिशवी काढून पोटाशी धरली आणि पर्सकडे न पाहता त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत पुन्हा म्हणाली, “चौथी सीट आहे. सरका.” गोरेगाव गेले. मालाड येता येता पर्स परत मांडीवर गेली.’

वर्णन अ मध्ये निष्कर्ष आहेत, दृश्य नाही. ‘ठामपणे’ आणि ‘आक्रमकपणे’ ही क्रियाविशेषणे वाचकाने काढायचे अनुमान त्याच्या हातात आयते देतात. वर्णन आ मध्ये दृश्य आहे, पण पाच खुणा एकदम आल्याने एकही ठसत नाही. शिवाय हा आवेश प्रसंगाच्या मानाने फार मोठा आहे. सीटच्या वादापेक्षा तो संगीत नाटकातील खलपुरुषाला शोभेल.

वर्णन इ मध्ये राग, आक्रमकता, ठामपणा यांपैकी एकही शब्द नाही. तरीही दोघींचे पवित्रे स्पष्ट होतात. ते कशामुळे? (१) खुणा मोजक्या आहेत : पर्स, गुडघा, हात, नजर. (२) वस्तूचा उपयोग केला आहे. पर्स हे येथे कुंपण आहे. ती कुठे ठेवली जाते यावरून वाद कुठवर आला ते कळते. (३) दिशा दाखवली आहे. बसलेली बाहेर पसरते. उभी असलेली पिशवी पोटाशी घेऊन स्वतःची जागा उलट कमी करते, पण हटत नाही. ५.२.१ मधील पहिली कसोटी येथे लागू पडते. (४) स्थानकांच्या नावांनी वेळ मोजली आहे. ताण किती वेळ टिकला, हे त्यातून समजते. (५) शेवट कृतीने होतो, टिप्पणीने नाही.

नाटकात हेच काम रंगसूचना करतात. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात अभिरूप न्यायालयाचा खेळ हळूहळू लीला बेणारे या शिक्षिकेच्या खऱ्या छळाचे रूप घेतो. हे नाटक वाचताना केवळ संवाद न वाचता कोण कुठे उभे आहे, कोण हसते आहे, कोण गप्प आहे, हे टिपत जा. आक्रमकता नेहमी आरडाओरडीतच असते असे नाही. घोळक्याच्या सभ्य हसण्यातही ती असू शकते, हे ध्यानात येईल.

तुमची प्रगती तपासा – २
(१) वर्णन इ मध्ये पर्स या वस्तूचे कार्य कोणते?
(२) ‘तिने तिची मान तिच्या हाताने खाजवली’ हे वाक्य शुद्ध मराठी वळणाने लिहा.

५.२.६ व्यावहारिक लेखन : क्रियापदाची जबाबदारी

बातमी : १९७२ च्या दुष्काळाच्या आणि महागाईच्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी त्यात अग्रणी होत्या. या चळवळीतील लाटणे मोर्चे गाजले. हजारो गृहिणी हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. आता वार्ताहराच्या दृष्टीने विचार करा. ‘स्त्रियांनी लाटणी उगारली’, ‘स्त्रियांनी लाटणी उंचावली’, ‘स्त्रियांनी थाळ्यांवर लाटणी वाजवली’ या तिन्ही वाक्यांत हात आणि लाटणे तेच आहे. पण पहिल्या वाक्यातील स्त्रिया हल्ल्याच्या तयारीत आहेत, दुसऱ्यातील निशाण घेऊन निघाल्या आहेत, तिसऱ्यातील रिकाम्या थाळीचा आवाज सरकारच्या कानावर घालत आहेत. लाटणे हे स्वयंपाकघरातले साधन. ते रस्त्यावर आणण्यातच ‘आमच्या पोळपाटावर लाटायला काही उरले नाही’ हे विधान होते. ‘उगारली’ या क्रियापदाने ते विधान पुसले जाते आणि नागरिकांचा जमाव होतो. वार्ताहराने आपण जे पाहिले, त्याचेच क्रियापद वापरावे.

तक्रार आणि जबाब : कायदाही हावभावांना महत्त्व देतो. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ३५१ मध्ये हमल्याची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १३० मध्ये आहे. या व्याख्येचा आशय असा : समोरच्या व्यक्तीला आपल्यावर आता बळाचा वापर होणार, अशी भीती वाटावी या हेतूने, किंवा तशी भीती वाटण्याचा संभव आहे हे माहीत असून, केलेला हावभाव अथवा तयारी म्हणजे हमला. प्रत्यक्ष स्पर्श होण्याची आवश्यकता नाही. मारण्याचा धाक घालत मूठ उगारणे हे तेथे दिलेले एक उदाहरण आहे. नुसते शब्द हा हमला होत नाही, मात्र उच्चारलेल्या शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ प्राप्त होऊ शकतो, असे स्पष्टीकरणही आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेल्या हावभावांसाठी स्वतंत्र तरतूद (कलम ७९) आहे.

भाषेचा अभ्यासक म्हणून यातून आपण काय घ्यावे? हावभाव आणि शब्द एकमेकांना अर्थ देतात. म्हणून तक्रारीत दोन्ही लिहावेत. ‘त्यांनी मला धमकावले’ हा निष्कर्ष आहे. त्याऐवजी असे लिहावे : ‘ते जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात कठड्यांवर ठेवून उभे राहिले. मी बाजूने जाऊ लागताच उजवा हात उगारून “परत दिसलीस तर बघ” असे म्हणाले. त्यांचा हात मला लागला नाही.’ शेवटचे वाक्य तक्रार कमकुवत करते असे वाटेल. वस्तुतः ते तक्रारदाराची विश्वासार्हता वाढवते. जे घडले नाही ते नाही म्हणून सांगणाऱ्याच्या, घडलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

इतिवृत्त : आता सुरुवातीच्या सभेकडे परत येऊ. त्या सचिवांना असे लिहिता आले असते : ‘टाकीच्या दुरुस्तीच्या खर्चाची बिले पाहण्यास मिळावीत, अशी मागणी एका सभासदाने उभे राहून तीन वेळा केली. बिले दाखवेपर्यंत बसणार नाही, असे त्यांनी सांगितले.’ किंवा, तसे घडले असल्यास : ‘बोलताना त्यांनी टेबलावर हात आपटला व अध्यक्षांसमोरील वही हिसकावून घेतली.’ दोन्ही वाक्ये ‘आक्रमक झाले’पेक्षा लांब आहेत. पण पहिल्यात न्याय्य मागणीची नोंद राहते, आणि दुसऱ्यात गैरवर्तनाची. काय घडले ते लिहावे. नाव वाचक देईल.

५.३ सारांश

आक्रमक देहबोली समोरच्याच्या जागेत शिरते, ठाम देहबोली स्वतःच्या जागेवर टिकते. नाट्यशास्त्रातील रौद्र आणि वीर रसांच्या अनुभावांत या भेदाची बीजे आढळतात. मराठीत दृश्य, अर्धदृश्य आणि लाक्षणिक असे देहबोलीचे वाक्प्रचार आहेत. वर्णनासाठी पहिला गट अधिक उपयुक्त. कमरेवर हात, हाताची घडी, रोखलेले बोट यांचा अर्थ संदर्भाने ठरतो. इंग्रजीतील वर्णने मराठीत आणताना अनावश्यक सर्वनामे, चुकीचे अर्थ आणि शब्दशः वाक्प्रचार टाळावेत. मोजक्या खुणा, वस्तूंचा उपयोग आणि नेमके क्रियापद यांनी वर्णन प्रभावी होते. बातमी, तक्रार आणि इतिवृत्त यांत निष्कर्षापेक्षा कृतीची नोंद करणे ही लेखकाची जबाबदारी आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

अनुभाव : मनातील भाव प्रकट करणारी बाह्य शारीरिक खूण.
स्थायिभाव : रसाचा आधार असलेला मनातील मूळ भाव.
रंगसूचना : नाट्यसंहितेत संवादांखेरीज दिलेल्या हालचाली, स्थान इत्यादींविषयीच्या सूचना.
इतिवृत्त : सभेतील कामकाजाची अधिकृत लेखी नोंद.

५.५ ‘तुमची प्रगती तपासा’ची उत्तरे

प्रगती तपासा १ : (१) वीर रसाचा. (२) लाक्षणिक गटात. कारण त्यात डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही कृती नाही.
प्रगती तपासा २ : (१) पर्स कुंपणासारखी वापरली आहे, तिच्या जागेवरून वादाची स्थिती कळते. (२) ‘तिने मान खाजवली.’

५.६ स्वाध्याय

(१) आक्रमक आणि ठाम देहबोलीतील फरक सांगून प्रत्येकी तीन मराठी वाक्प्रचारांच्या आधारे स्पष्ट करा. (सुमारे २५० शब्द)
(२) ‘कृतीला अर्थ देतो तो संदर्भ’ या विधानाची चर्चा तुमच्या परिसरातील दोन उदाहरणांच्या आधारे करा.
(३) रिक्षाथांबा, रेशन दुकान किंवा बँकेची रांग यांपैकी एका ठिकाणी अर्धा तास थांबा. तेथील एका वादाचे वा आग्रहाचे वर्णन ‘राग’, ‘ठाम’, ‘आक्रमक’ हे शब्द न वापरता १५० शब्दांत लिहा. व्यक्तींची ओळख पटेल असा तपशील टाळा.
(४) तुम्ही लिहिलेले वर्णन पुन्हा वाचा. वर्णिलेल्या दोन्ही व्यक्तींपुढे ते मोठ्याने वाचले, तर ‘असे घडले नव्हते’ असे त्यांपैकी कोणी म्हणेल का? तसे वाटणारे प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून बदला आणि बदलाचे कारण एका वाक्यात लिहा.